सगळ्यांचे श्वास अठरा

ऑगस्ट उतरणीला लागला की दोह्याची हवा ओली होते. त्याआधीचे तीन महिने नुसती भट्टी असते, पण ती सरळ वागते. दार उघडलं की तोंडावर येते, आपण तिला दोन शिव्या घालतो आणि गाडीत बसतो. ही ओल मात्र चिकटते. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा पांढऱ्या होतात आणि क्षणभर समोरचं काहीच दिसत नाही. इथले लोक तिला रुतूबा म्हणतात. यंदा ती जरा लवकरच आली. परवा ड्यूटी संपवून हॉस्पिटलच्या मागच्या दाराने बाहेर पडले, आणि चष्मा पुसत तिथेच उभी राहिले. चार वर्षं झाली. दर वर्षी या हवेत मला तो मोसम आठवतो आणि दर वर्षी मी स्वतःची समजूत घालून मोकळी होते. यंदा समजूत घालायची नाही असं ठरवलं आहे.

त्याआधी बारा वर्षं मी इथे नुसती बायको होते. आम्ही नाशिकचे. नवरा गॅस कंपनीत इंजिनिअर, मुलगा इंग्रजी शाळेत. मी मराठीत रागवायचं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा घरचा रिवाज. डबा, शाळा, मंडळाचं हळदीकुंकू, पुन्हा डबा. एक दिवस मी जाहीर केलं की मी नर्सिंगचा कोर्स करणार. पूर्ण नर्स नव्हे, तिच्या हाताखालची, एनरोल्ड नर्स. नवऱ्याने मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारलं, "घरात काही कमी पडतंय का तुला?" मंडळातल्या बायका तोंडावर "अय्या, ग्रेट हं!" म्हणाल्या, आणि पाठ वळताच "म्हणजे बेडपॅन वगैरे?" असं एकमेकींना विचारू लागल्या. मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं. त्या दिवशी माझ्या मनाने हट्ट धरला. आता काहीही होवो, मी पास होणार होते. अर्जात मी सेवा, करुणा असले शब्द लिहिले होते. खरं कारण त्या बायकांचे चेहरे होते.

तीन दिवस घरी लॅपटॉपसमोर आणि दोन दिवस वॉर्डात, असा अभ्यास. ब्लेंडेड म्हणतात त्याला. मी लॅपटॉप ओट्यावर ठेवायचे. एका शेगडीवर कुकर, पडद्यावर रक्ताभिसरण. शिकवणाऱ्या बाई हृदयाचे कप्पे समजावून सांगत असताना मी वरणाला फोडणी दिली आणि ती सगळ्या वर्गाने ऐकली. मुलगा आतून ओरडला, "आई, यू आर नॉट ऑन म्यूट!" तेही सगळ्या वर्गाने ऐकलं. खूप हसलो आम्ही. पस्तिशी उलटल्यावर पुन्हा वहीला कव्हर घालताना, रंगीत पेनांनी रेघा मारताना मला फार आनंद व्हायचा. तो आनंद खरा होता, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि शमीम. ती रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावातली. तिचा नवरा एका व्यापाऱ्याकडे कारकून होता. आम्ही पहिल्यांदा समोरासमोर भेटलो मुशैरिबच्या मेट्रो स्टेशनात, गाडी बदलताना. डोक्याला घट्ट स्कार्फ, हातात डब्याची पिशवी. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाली, "तू ती फोडणीवाली ना गो?" तेव्हापासून वॉर्डाच्या प्रत्येक दिवशी आम्ही तिथे भेटायचो आणि पुढे एकत्र जायचो. दुपारी तिची तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी मी फस्त करायचे. माझी शेपूची भाजी ती तोंड वाकडं करून का होईना, संपवायची.

शमीम मंद होती. हा शब्द मुद्दामच लिहिते आहे, कारण तेव्हा मी तो तिच्या तोंडावर वापरायचे. चादर घातली की ती चारी कोपरे दोनदा बघायची. हात धुवायला शिकवलेल्या सगळ्या पायऱ्या रोज, प्रत्येक वेळी, एकही न गाळता. "लग्नाला निघालीयेस का?" मी म्हणायचे. ती हसायची. "माझं असंच आहे गो. घाई केली की हातून चूक होते."

श्वास मोजायची जी पद्धत आम्हाला शिकवली, ती मला अजून फार आवडते. श्वास मोजतोय हे रोग्याला सांगायचं नाही, कारण सांगितलं की श्वास बदलतो. मनगटावर बोटं ठेवून आधी नाडी मोजायची. ती मोजून झाली तरी बोटं तशीच राहू द्यायची आणि नजर मात्र हळूच छातीवर न्यायची. छाती किती वेळा वर येते, ते घड्याळातलं पूर्ण एक मिनिट मोजायचं. रोग्याला वाटतं, अजून नाडीच चालली आहे. मी नवऱ्यावर सराव केला, तो क्रिकेट बघत असताना. एरवी सतरा यायचे, विकेट पडली की बावीस. लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या त्या माणसाकडे मी त्याआधी सलग एक मिनिट कधी बघितलं होतं, ते मला आठवेना.

वॉर्डात मिनिटं अशी उधळायला नसतात. आमचा वॉर्ड पुरुषांचा, हाडं मोडलेल्यांचा. बहुतेक बांधकामावरचे, गोदामातले, डिलिव्हरीच्या बाइकवरून पडलेले. आमच्यावर देखरेख लीलाम्मा सिस्टरची. तिने इथे उभा जन्म काढला होता आणि तिच्या पायाला भिंगरी होती. आमच्याकडे एक पुस्तक असायचं. ताप, नाडी, श्वास, ड्रेसिंग, अंघोळ, प्रत्येक काम तिच्यासमोर करून दाखवायचं आणि त्यापुढे तिची सही घ्यायची. एकाच कामाला तीनदा सही नाकारली की प्लेसमेंट बाद, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी मी चौथ्या खाटेपाशी उभी राहून इमानेइतबारे श्वास मोजत होते, तेवढ्यात मागून आवाज आला. "चौदा पेशंट हैं. चौदा मिनिट सिर्फ ब्रीदिंग देखेगी क्या? जिंदा है ना? तो एटीन लिखो. यल्ला, जल्दी."

मी अठरा लिहिलं. मग सहज आधीचे कागद चाळले. अठरा, अठरा, अठरा, मध्येच चवीपुरते वीस. तरणा नेपाळी, उतारवयाचा सुदानी, घोरणारा, कण्हणारा, सगळ्यांचे श्वास अठरा. ताप खोटा लिहिता येत नाही, यंत्र आकडा दाखवतं. रक्तदाबाचंही तेच. माणसाच्या अंगातली एवढी एकच गोष्ट अशी उरली आहे की जी मोजायला दुसऱ्या माणसाला थांबून त्याच्याकडे बघावं लागतं, आणि नेमकी तीच आम्ही बघत नव्हतो. हा विचार मला आज सुचतो आहे. तेव्हा सुचलं ते एवढंच, की वाचलेल्या मिनिटांत मी दोन ड्रेसिंग जास्त करू शकते. आठवड्याभरात मी वॉर्डातली सगळ्यात चलाख विद्यार्थिनी झाले. लीलाम्मा माझ्या पुस्तकात भराभर सह्या करायची आणि म्हणायची, "यू आर बॉर्न फॉर धिस." मी ते घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

शमीमला ते जमेना. "न बघता कसं लिहू गो? उद्या वर विचारलं तर काय सांगू?"

"वर कुणी विचारत नाही. लीलाम्मा विचारते," मी म्हणाले. या उत्तरावर मी खूश होते.

श्वासाच्या कामाला लीलाम्माने तिला एकदा सही नाकारली, मग दुसऱ्यांदा. शेरा एकच, फार हळू. लिफ्टपाशी उभ्या असलेल्या बाकीच्या मुलींना मी शमीमची नक्कल करून दाखवायचे. डोळे वटारायचे, ओठांतल्या ओठांत पुटपुटायचं, मध्येच गोंधळून पुन्हा एकपासून सुरू करायचं. मुली पोट धरून हसायच्या. एकदा शमीम माझ्या मागेच उभी होती. तीही हसली, आणि म्हणाली, "मी अगदी अशीच दिसते काय गो?"

सातव्या खाटेवर गंगाधरमामा होते. परभणीकडचे, पन्नाशी उलटलेले. इमारतींना परांच्या बांधायचं काम करायचे, राहायला बरवा अल बराहाला, कामगारांच्या वसाहतीत. परांचीवरूनच पडले आणि पाय मोडला. प्लास्टर मांडीपर्यंत. माझ्या नावाची पट्टी त्यांना वाचता येत नव्हती, पण मी फोनवर मराठी बोलताना त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "नाशकाच्या का तुमी? मंग तर घरच्याच की, ताई." त्यानंतर मी दिसले की ते उशीवर सावरून बसायचे. त्यांना एकच भीती होती. "डाक्टरला काई सांगू नगा, ताई. लई आजारी दिसलो तर कंपनी घरला धाडंल. या वयात पुन्हा कोण बोलवायलंय?" म्हणून ते सगळ्यांना सांगायचे, एकदम फिट.

त्या सकाळी इतकी ओल होती की वॉर्डाच्या खिडक्यांवर बाहेरून पाणी ओघळत होतं. मी सातव्या खाटेपाशी गेले तेव्हा मामा नेहमीसारखे सावरून बसले नाहीत. "जरासा दम लागायलाय, ताई," ते म्हणाले. "पर काई न्हाई. हवाच तसली हाय." वॉर्डात एसी इतका होता की मी आतून स्वेटर घातला होता. बाहेरच्या हवेने आतल्या माणसाला दम लागत नाही, हे समजायला कोर्स लागत नाही. मी म्हणाले, "हो ना, फार घाम काढते ही हवा." आणि आठव्या खाटेकडे बघत अठरा लिहिलं.

पंधरा मिनिटांनी शमीमची तिसरी वेळ होती. लीलाम्माने तिला नेमकी तीच खाट दिली. शमीमने मामांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि ती उभी राहिली. मिनिट झालं. तिने कागदाकडे बघितलं, पुन्हा बोटं ठेवली, पुन्हा एक मिनिट. मग ती काउंटरपाशी आली. "सिस्टर, बत्तीस है. दो बार गिना."

लीलाम्मा खाटेच्या पायथ्याशी आली. तिला बघताच मामांनी कसंबसं हसून म्हटलं, "गुड मॉर्निंग सिस्टर. एकदम फिट." बोटाच्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा बरा होता. लीलाम्मा माझ्याकडे वळली. "तुमने कितना गिना?"

"एटीन."

"पूरा मिनिट?"

मामा माझ्यापासून दोन हातांवर होते. त्यांच्या गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती, आणि ती मला दिसत होती. बत्तीस खरे असले तर माझे अठरा खोटे ठरत होते, आणि माझे खोटे ठरले तर सकाळपासूनचे लीलाम्माचेही. हे तिला माझ्याआधी कळलं होतं. तिने तो प्रश्न मला विचारला तेव्हा त्याचं उत्तरही तिच्या डोळ्यांत होतं. माझ्या पुस्तकात फक्त चार सह्या उरल्या होत्या. "हो सिस्टर," मी म्हणाले, "पूरा मिनिट."

शमीमला माझा राग आला असता तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर आला तो संशय, आणि तोही स्वतःबद्दल. "नाय गो, दोनदा मोजलंय मी," ती हळूच म्हणाली, जणू माझीच परवानगी मागत होती. मग मी लीलाम्माला कळू नये म्हणून मराठीत म्हणाले, "अगं, तू अशी टक लावून बघतेस, माणूस बिचकेल नाहीतर काय! आधी नीट मोजायला शीक." हे वाक्य माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं. खोटं तर बोलून झालं होतं. हे मी वरून घातलं, कारण तिने पुन्हा तोंड उघडू नये एवढंच मला हवं होतं.

लीलाम्माने बत्तीसवर काट मारली. "खलास," ती म्हणाली, आणि शमीमच्या पुस्तकात तिसऱ्यांदा नकार लिहिला. कॉम्प्युटरमध्ये अठरा गेले. शमीमने पिशवी उचलली, मामांची चादर जाता जाता सरळ केली आणि ती निघून गेली.

दुपारी तीनच्या सुमाराला मामांचे ओठ निळे पडले. धावपळ झाली, त्यांना आयसीयूत नेलं. मोडलेल्या पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा विद्यार्थिनींना उभं करून शिकवलं, की अशा वेळी पहिली खूण बहुतेकदा श्वासाचीच असते. तो वाढतो, आणि बाकी सगळं ठीक दिसत असताना वाढतो. "पण या केसमध्ये," ते कागद बघून म्हणाले, "तसंही काही नव्हतं. सगळ्या नोंदी नॉर्मल. अचानकच झालं." लीलाम्मा खिडकीबाहेर बघत होती. मी मान डोलावली आणि वहीत लाल पेनने 'श्वास' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. मामा त्याच संध्याकाळी गेले.

शमीमचा मेसेज आला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी. "मामा कसे आहेत गो? मनाला उगीच चुकचुक लागलीय." मी घरी सोफ्यावर चहा पीत बसले होते. पहिलं खोटं मी भीतीने बोलले, त्याला कुठे माफी असलीच तर असो. हे दुसरं मी निवांत, शब्द जुळवून लिहिलं. "एकदम ठणठणीत. उद्या घरी सोडतायत." शेवटी हसरा चेहरा टाकला. तिला खरं कळलं असतं तर ती त्या हळू पावलांनी थेट वरपर्यंत गेली असती आणि बत्तीस परत मागितले असते, हे मला माहीत होतं. तिचं उत्तर लगेच आलं. "अल्लाचे आभार. म्हणजे माझंच चुकलं तर. बरं झालं माझं कुणी ऐकलं नाही." तिने कोर्सला पुन्हा नाव घातलं नाही. मीही तिला घाल म्हणाले नाही.

माझं पुस्तक भरलं. सर्टिफिकेट मिळालं. मंडळाच्या गणपतीत अध्यक्षांनी माझा सत्कार केला, आणि बेडपॅनवाल्या बायका ओळीने हात पुढे करून म्हणाल्या, "आमचं बीपी बघ ना गं." मी बघितलं. मोजूनमापून बघितलं. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी तडफडले तो हा होता, आणि तो गोडही लागला. खोटं कशाला बोलू, फार गोड लागला.

आता मी मोजते का? मोजते. नव्या मुलींना शिकवतेही, आणि त्यांनी न बघता अठरा लिहिलं की जोरात रागावते. त्या मला कडक म्हणतात. काही जणी माझ्यासारखं व्हायचं आहे असंही म्हणतात. मामांच्या घरचं कुणी मला ओळखत नाही. त्यांचं शव गावाकडे गेलं तेव्हा कागदपत्रांवर मराठी नावं नीट वाचून द्यायला मलाच बोलावलं होतं, आणि मी एकही अक्षर चुकू दिलं नाही. कधी कधी मला माझ्या या नीटपणाची शिसारी येते. पण शिसारी येऊनही माणूस जेवतो, झोपतो, बढतीचा अर्ज करतो.

गेल्या शुक्रवारी एशियन टाउनला शेवग्याच्या शेंगा घ्यायला गेले होते. मागून हाक आली, "गो, नर्सबाई!" शमीम. थोडी वाळली आहे. आता शाळेच्या बसवर मुलांना चढवायचं-उतरवायचं काम करते, आणि सगळी मुलं मोजून झाल्याशिवाय बस हलू देत नाही म्हणून ड्रायव्हर तिच्यावर वैतागतो, हे तिने हसत सांगितलं. मला तिने भर बाजारात मिठी मारली. सोबत तिची मुलगी होती, सना. बारावीला आहे. उंच, शांत, बोलण्याआधी समोरच्याकडे नीट बघणारी.

"हिला नर्सिंगच करायचंय गो," शमीम म्हणाली. "अर्जाची तारीख आलीय. मी नको म्हटलंय. अगदी माझ्यावर गेलीय, हात उचलत नाय पटकन. आपण चुकीचं मोजायचं आणि कुणाचा तरी जीव जायचा! माझ्या वेळेला तू होतीस म्हणून निभावलं." मग ती मुलीकडे वळली. तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. "सना, ह्याच त्या मावशी. त्या दिवशी ह्यांनीच बरोबर मोजलं होतं."

सनाने माझ्याकडे बघितलं. "आंटी, इज इट रिअली दॅट हार्ड? अम्मी सेज आय ऍम टू स्लो फॉर इट."

तुझी आई बरोबर होती. एवढंच वाक्य हवं होतं. चार वर्षं ते माझ्याजवळ तयार होतं, आणि ते ऐकायला हव्या असलेल्या दोघीही माझ्यासमोर उभ्या होत्या. माझी बढती पुढच्या महिन्यात आहे.

"खूप अवघड असतं, बाळा," मी म्हणाले. "आईचं ऐक."